मोहरीएवढा डाग

शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमागं इसहाकमामांचं पत्र्याचं गॅरेज आहे. पाच वर्षांमागं तापात त्यांना वास यायचा बंद झाला तो कायमचाच. तरी पेट्रोल गळणारी गाडी त्यांच्या हातून सुटत नाही, असं लोक छातीठोक सांगतात. करुणाला ह्या थापा वाटायच्या. ती सणसवाडीच्या एका कंपनीत माल तपासायला बसते. केसाएवढा ओरखडा हुडकायचा तिला पगार मिळतो, त्यामुळं ऐकीव गोष्टींवर तिचा भरवसा नाही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मोटरसायकल ॲव्हरेज देईना म्हणून ती गॅरेजात आली. पुढं टाकीवर पाच वर्षांची लेक यशू बसली होती. रोज अशीच बसून ती बालवाडीला जाते.

करुणाला काही न विचारता मामा यशूपुढं वाकले. "बाय, माजं नाक बंद हाय. तुला कशाचा वास येतो का गं?"

"पेट्रोलचा. रोज येतो. आई म्हणती, पंपावरचा हाय."

करुणाला राग आला. "मामा, पोरीचं काय ऐकता? पेट्रोलचा पाइप मी सवता बघितलाय. इंजिनची धग लागू नये म्हणून वरनं कापडाची पट्टीबी गुंडाळलीय."

"पट्टी गुंडाळल्यावर परत कवा बघितलास?"



मामांनी यशूला लांब, राहेलमामींजवळ नेऊन बसवलं. पट्टी कापून बाजूला टाकली, पाइप पुसून कोरडा केला आणि त्यावर लहान बाळाची पावडर भुरभुरली. ही अक्कल राहेलमामींची. वास गेला तेव्हा मामा गॅरेज विकायला निघाले होते. चाळीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस, दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. नातवाला पावडर लावताना ओल्या मानेवर तिचा रंग बदललेला मामींनी पाहिला आणि तो डबाच नवऱ्यापुढं ठेवला.

मामांनी गाडी चालू करून तशीच उभी ठेवली. "थंड गाडी खोटं बोलती. रबर तापू दे."

दहा मिनिटं झाली. पांढऱ्या पाइपवर, इंजिनाजवळच्या वळणाला, मोहरीएवढा काळपट डाग उमटला. बघता बघता तो हरभऱ्याएवढा झाला. मामांनी झटकन इंजिन बंद करून पेट्रोलचा कॉक फिरवला.

करुणा वाकून डाग बघत राहिली. आपण वर्षानुवर्षं डोळ्यांची भाकरी खातो, आणि वास न येणाऱ्या या म्हाताऱ्यानं न दिसणारी चीर आपल्यापुढं उमटवून दाखवली. तिला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. मग तिनं खाली पडलेली पट्टी उचलली. ती ओलीचिंब होती. तापल्या इंजिनाशेजारी, लेकीच्या पायांखाली, पेट्रोलात भिजलेली वात तिनं आपल्याच हातानं बांधली होती.

मामांनी नवा पाइप इंजिनापासून बोटभर लांब नेऊन क्लिपनं बसवला. धग लागेल तेवढ्याच जागी उघडता येणारं आवरण घातलं. "झाकावं, पर उघडून बघता आलं पायजे," एवढंच ते म्हणाले.

निघताना करुणानं यशूला टाकीवर बसवलं आणि विचारलं, "वास येतो का गं?"

यशू खाली वाकून, डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिली. तिचं उत्तर येईपर्यंत करुणानं किकवर पाय ठेवला नाही.