पांढराशुभ्र मेंदू

कवळीकाकांनी जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले आणि घरात स्वतःचं तोंड बंद ठेवलं. घरात बोलायचं काम काकूंकडे होतं आणि त्या ते दोघांच्या वाटचं करत. काकू गेल्या, आणि आवाज उरला तो बाहेरच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या पंपाचा.

टाकी काकूंची. मासे दोनच, तेही एकमेकांशी अबोला धरलेले. खरा मानकरी तळाशी, खडकाच्या सावलीत बसलेला: मुठीएवढा, वळ्यावळ्यांचा, तपकिरी मेंदू प्रवाळ, म्हणजे मेंदूसारखं दिसणारं जिवंत पोवळं. आणला तेव्हा लिंबाएवढा होता. पाण्यातला चुना ओढून घेत तो आपला सांगाडा वाढवायचा, वर्षाला जेमतेम नखभर. “नवरा सुधारतो त्याच वेगानं,” असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. घरात एकाला तरी मेंदू हवा, हे वर. काका हसत आणि गुपचूप टाकीसाठी मिठाची बादली उचलून आणत. दवाखान्यात जाताना काकूंनी बजावलं होतं, “पाणी तेवढं बदला. आणि त्याला जागचं हलवू नका.” काकांनी नेहमीप्रमाणे पहिलंच वाक्य ऐकलं.

काकू गेल्यावर ते प्रवाळ त्यांना कोपऱ्यात अंधारात बघवेना. पोरकं वाटायचं. त्यांनी कामाच्या टेबलावरचा प्रखर दिवा आणून टाकीवर टांगला आणि मेंदूला उचलून खडकाच्या माथ्यावर, थेट उजेडाखाली बसवलं. पाहुण्याला चांगली खुर्ची द्यावी तसं.

काही आठवड्यांत त्याचा तपकिरी रंग उतरू लागला. काका हरखले. त्यांच्या धंद्यात तपकिरी म्हणजे तंबाखू, चहा, आळस. आणि पांढरं म्हणजे निरोगी. गिऱ्हाईक आरशात बघून खुलतं ते पांढऱ्यावरच. इथे तर रोज नवी कवळी चढावी तसा मेंदू उजळत होता. फोन करायचा कंटाळा असलेल्या काकांनी लेकीला आपणहून फोन केला आणि आईचा मेंदू कसा लखलखतोय ते सांगितलं. शनिवारी ती दारात उभी होती.

टाकीसमोर ती बराच वेळ उकिडवी बसली. काका मागे उभे, शाबासकीच्या तयारीत.

“बाबा, हा उजळला नाहीये. उपाशी मरतोय.”

मग तिने आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. या प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. तेच त्याला खाऊ घालतं आणि तपकिरी रंगही त्याचाच. उजेडाचा मारा झाला की ते अंग सोडून जातं; सावलीत ठेवलं तर कधीकधी परत येतं.

“मग हे पांढरं काय आहे?” काकांनी विचारलं.

“हाड. मांस काचेसारखं झालंय, त्यातून दिसतंय.”

काका खुर्चीवर बसले. इतके दिवस आपण हाडाचं कौतुक करत होतो, हे पचायला त्यांना वेळ लागला. लेकीने त्यांना दोष दिला नाही. तिने मेंदू हलक्या हाताने जुन्या सावलीत ठेवला आणि दिवा काढला. संध्याकाळी त्याच्या बारीक बोटांसारख्या सोंडा बाहेर आल्या की कोळंबीचा चुरा कसा सोडायचा, ते दाखवून ती गेली.

सोंडा कधी यायच्या, कधी नाही. एका बाजूचं मांस विरघळून गेलं. उघड्या हाडावर हिरवा बुळबुळीत थर चढला. दुसरी बाजू पांढरी, पण तिचं मांस जागेवर होतं. काका तिच्यावर नजर लावून बसत. जो तपकिरी डाग जन्मभर लोकांच्या दातांवरून खरवडून काढला, तोच इथे कधी पडेल याची वाट बघत. कवळी अजून पांढरी हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ते आता विनाकारण तोडून बोलत.

एका संध्याकाळी एका वळीच्या खाचेत त्यांना काहीतरी दिसलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग लेकीला फोन लावला.

“डाग पडलाय.”

“केवढा?”

“तिळाएवढा. एकाच बाजूला. दुसरी गेली.”

पुढचं बोलायला घरात काकू नव्हत्या. फोन ठेवून काका उठले, खोलीतला दिवा मालवला आणि अंधारात टाकीजवळ बसून राहिले.