सलूनवाल्या काकांचे कान

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांचं आयुष्य लोकांचे कान जपण्यात गेलं. हातात कात्री असो की वस्तरा, डाव्या हाताची दोन बोटं आधी गिऱ्हाइकाच्या कानावर जायची आणि तो हलकेच दुमडून धरायची. स्वतःच्या कानांकडे मात्र त्यांचं कधी लक्ष गेलं नाही.

ऐकू येणं काही एका दिवसात गेलं नाही. टक्कल पडावं तसं गेलं. आधी इतरांच्या लक्षात आलं, ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी. दुकानात तर बरीच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, कारण समोर आरसा होता. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते काका त्याच्या ओठांवरून ओळखायचे आणि उरलेलं ‘हो’, ‘अरे वा’वर निभावून न्यायचे. घरी ती सोय नव्हती. काकू ओरडून ओरडून थकल्या होत्या. कान तपासून घ्या म्हणून लेक मागे लागली होती. काकांचं एकच म्हणणं, तुम्ही दोघी तोंडातल्या तोंडात बोलता, त्याला मी काय करू?

एके दिवशी मास्तर केस कापायला आले. हे काकांचं जुनं गिऱ्हाईक, फार न बोलणारं. मानेवरचे केस साफ करायला काकांनी त्यांचं डोकं खाली वाकवलं आणि त्या वाकलेल्या मानेनंच मास्तर काहीतरी बोलले. आरशात नुसतं डोकं दिसत होतं. काका नेहमीच्या सवयीनं म्हणाले, “अरे वा, छान झालं.”

मास्तर केस झाल्यावर उठले आणि निघून गेले. शेजारच्या खुर्चीचा कारागीर काकांजवळ आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “मास्तरांची बायको गेली. ते तेच सांगत होते.”

काकांनी हातातला कंगवा खाली ठेवला आणि दुकान कारागिरावर सोपवून ते तडक मास्तरांच्या घरी गेले. दारातच थबकले. मास्तरांनीच त्यांना समोर बसवलं, आणि ओठ नीट दिसतील असं हळूहळू सांगितलं, “तुम्हाला ऐकू गेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तेच पुन्हा मोठ्यानं सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.”

घरी आल्यावर काकांनी लेकीला सांगितलं, मला कानाचं मशीन आण.

पहिलं मशीन घाईत झालं. दुकानदारानं कानात बसवलं, “येतंय ना ऐकू?” विचारलं, काका हो म्हणाले, की झालं. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये कात्रीचा आवाज पत्रा कापल्यासारखा आला. स्वतःचंच बोलणं रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं घुमायला लागलं. जरा जबडा हलला की मशीन शिट्टी मारायचं, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकून बघायचं. काकांच्या हातात वस्तरा असताना गिऱ्हाइकानं दचकणं बरं नव्हे. संध्याकाळपर्यंत कानाच्या आत सोलवटलं. मशीन डबीत गेलं, डबी कपाटात. “बहिरा होतो तेच बरं होतं, निदान शांतता तरी होती,” असं काका म्हणाले आणि जेवायला बसले.

लेक चिवट होती. तिनं चौकशी करून कान तपासणाऱ्या एक बाई शोधल्या. या बाईंनी मशीनला हात लावायच्या आधी काकांना भरपूर बोलतं केलं. दिवस कुठे जातो, कुणाचं बोलणं ऐकायचंय, कोणता आवाज सोसत नाही, सगळं विचारलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी कानाचा साचा घेऊन मापाचा मऊ तुकडा बनवून घेतला आणि त्याला बारीक भोक ठेवलं, म्हणजे स्वतःचा आवाज घुमू नये. कानात बारीक नळी घालून, आवाज आत किती पोचतोय ते मोजलं. पुढच्या खेपेला काकांना कात्री घेऊन यायला सांगितलं आणि समोर चालवायला लावून तिच्या आवाजाची धार मशीनमध्ये कमी करून दिली.

“आता लगेच दुकानात घालू नका,” बाई म्हणाल्या. “आधी घरात, एका माणसाशी बोलताना. रोज थोडं थोडं वाढवा. आणि दुखलं तर सहन करू नका, इकडे या.”

काकांना हे पटलं. नवी कात्रीसुद्धा हातात बसायला वेळ घेते.

घरातलं ते एक माणूस म्हणजे काकू. काकांनी मशीन लावलं आणि त्यांच्यासमोर बसले. काकू सवयीनं ओरडल्या, “चहा ठेवू?”

काकांनी दोन्ही हात कानांवर धरले. “अगं, हळू.”

काकूंनी पुन्हा विचारलं, तेही मोठ्यानंच. नवऱ्याशी हळू कसं बोलायचं, हे त्या विसरून गेल्या होत्या. त्यातून काकांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. बायको त्यांच्याशी दोन-दोन शब्दांतच बोलत होती. चहा ठेवू, जेवायला या, गोळी घेतली? बाकीचं सगळं तिनं केव्हाच गाळून टाकलं होतं.

“सांग काहीतरी,” काका म्हणाले.

“काय सांगू?”

“माझ्या कानावर घालायचं राहून गेलेलं.”

काकूंनी पदराच्या टोकाशी चाळा करत धाकट्या बहिणीची गोष्ट काढली. दोघींचं भांडण कसं मिटलं, बहीण दारात येऊन कशी रडली, आपणच तिला आधी कसं जवळ घेतलं. काका बघतच राहिले. त्यांच्या लेखी ते भांडण अजून चालू होतं, आणि मेहुणी घरी आली की ते बायकोच्या बाजूनं तोंड फुगवून बसत होते. काकांनी हे कबूल केलं तेव्हा काकूंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “ती मला विचारायची, भावजींचं काय बिनसलंय म्हणून.”

त्यानंतर रोज चहाला दोघं अशीच बसू लागली. मध्ये एकदा डावा कान टोचायला लागला, तेव्हा काका बाईंकडे जाऊन तो तुकडा घासून घेऊन आले. काही आठवड्यांनी मशीन दुकानातही आलं. अजून गर्दीत चार जण एकदम बोलले की त्यांचा गोंधळ उडतो. पण आता ते ‘अरे वा’ म्हणत नाहीत. हात थांबवतात, पुढे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, “परत सांगा, नीट ऐकू आलं नाही.” लोक सांगतात.

काकूंची मात्र एक तक्रार आहे. स्वयंपाकघरात त्या स्वतःशी पुटपुटतात, तेसुद्धा आता बाहेर ऐकू जातं, आणि काका तिथून उत्तर देतात.