सगळ्यांचा भाकरतुकडा

हे आईलाही माहीत नाही. तिला तर मुळीच नाही — कारण यातली मामी तिच्या सख्ख्या भावाची बायको. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तोंडानं सांगायला गेले की भलतंच काहीतरी बोलून बसते, म्हणून लिहून बघतेय.

दोन वर्षांपूर्वी मी एका संस्थेत दुभाषी होते. परदेशातून स्वयंसेवक यायचे, गावात राहून शाळा रंगवायचे, मुलांना शिकवायचे. मी मुळात अबोल. बिबवेवाडीत आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "हिला बोलायचे पैसे पडतात का?" पण या लोकांत, इंग्रजीत, मी बोलायचे. हसवायचेसुद्धा. ती दुसरीच कुणीतरी होती — आणि ती मला आवडायला लागली होती. तिनं एकदा बसमध्ये सांगून टाकलं, की आम्ही पिढ्यानपिढ्या शहरातले, खेडं मी तुमच्याबरोबरच पाहतेय. कुणी विचारलं होतं का? नाही.

मग पुढच्या गावाचं नाव आलं. मामाचं गाव. तेव्हाच सांगता आलं असतं. मी आईला दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं आणि बसमध्ये बसले. वाटलं, गाव मोठं आहे, मामी शेतात असेल.

चहाला नेलं ते तिच्याच घरी.

मी सगळ्यांच्या मागे होते. तरी तिला दिसलेच. दहावीनंतर मी तिकडे फिरकले नव्हते. "आली का गं माझी बाय! थांब, उंबऱ्यातच थांब," म्हणत ती आत पळाली, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाची दृष्ट काढतात तशी. आपल्या माणसाची — फक्त आपल्याच.

व्हिडिओ घ्यायला सगळ्यांचे फोन वर झाले. एका मुलीनं विचारलं, हे काय? आणि मी — हो, हेच ते — मी म्हणाले, ही इथली रीत, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करतात.

संस्थेचा गावातला माणूस खूश झाला. "काकू, मग सगळ्यांनाच करा की! या मॅडम म्हणतायत, पाहुण्यांची रीत हाय."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून सँडलचा पट्टा सोडवत होते. सुटलेलाच होता तो.

"वळखीच्या हायेत का तुमच्या?" त्यानं मामीला विचारलं.

"न्हाई वो," मामी म्हणाली. "आमच्या पोरीवानी दिसल्या, म्हणून. या, वळीनं हुबं ऱ्हावा."

अकरा जणांवरून ओवाळलं तिनं. तुकडे संपले तेव्हा आतून दुपारच्या भाकऱ्या आणल्या, त्या मोडल्या. कोंबड्यांची चंगळ झाली. मी इंग्रजीत सूचना देत राहिले — डोळे मिटा, हलू नका. शेवटी तिनं मला विचारलं, "ताई, तुमच्या च्यात साखर किती?" मी सांगितलंही. एक चमचा.

मामीनं हे कुणालाही सांगितलं नाही. मामालाही नाही. मी ते काम सोडलं, पण मामीचं ओवाळणं सुटलं नाही. संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत ते छापून आलं — पहिला दिवस, पारंपरिक स्वागत. स्वयंसेवकांची नवी तुकडी यायच्या आदल्या दिवशी मामीला फोन जातो. ती जास्तीच्या भाकऱ्या थापते. मी संस्थेला लिहायला किती वेळा बसले! काय लिहू? कोण म्हणून लिहू?

या दिवाळीत, दोन वर्षांनी, आईला माहेरी जायला जमलं. मीही गेले. आई उंबऱ्याबाहेर थांबली, नेहमी थांबते तशी.

"वहिनी, भाकरतुकडा?"

"आत या वन्सं," मामी म्हणाली. "ते आता पाव्हण्यांचं झालंय." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आईला वाटलं, इतक्या दिवसांनी आल्याबद्दल टोमणा आहे. ती हसली. क्षणभर तशीच थांबली, मग उंबरा ओलांडताना तिनं आपलाच हात डोळ्यांवरून फिरवला. कोरडा.