अक्कांची सही

अक्का गेल्या त्या दिवशी दुपारी भातगिरणीवाल्याचा हार आला. गुलाब, मरवा, जरीच्या फिती आणि मधोमध त्याच्या नावाची चिठ्ठी. हार आणणारा नोकर म्हणाला, "मालक स्वतः येणार होते, पण सभा आहे." मी हार घेतला, मागच्या दारी नेला आणि शेजाऱ्यांच्या गाईपुढे टाकला. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मयताच्या घरी हसू नये, पण मला हसू आलं... पुढं पंधरा दिवसांनी गावातल्या एका मंडळानं शोकसभा घेतली. तिथं त्याच माणसानं अक्कांच्या फोटोला दुसरा हार घातला आणि लेखणीच्या सामर्थ्यावर वीस मिनिटं बोलला. "या माउलीनं आम्हांलाही आरसा दाखवला," म्हणाला. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. ओकारी येण्याआधी तोंडात पाणी सुटतं ना, तसं मला सुटलं. उठून बाहेर आले, आणि घरी येऊन हे लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारी चार माणसंही उरलेली नाहीत. म्हणजे हाही एक भित्रेपणाच. असो.

अक्का म्हणजे अंबुजाबाई, माझ्या यजमानांची थोरली बहीण. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा या घरात माझ्याशी नीट बोलणारं माणूस एकच, आणि त्याही अशा मराठीत बोलायच्या की मला पहिले दोन महिने वाटे, या ओव्या म्हणताहेत. "मज भूक नाही," "तुज काय पाहिजे?" मज आणि तुज आमच्याकडे पोथीत राहिले होते, इथं ते रोजच्या रसम-भाताला बसत होते. अक्कांना विसाव्या वर्षी वैधव्य आलं होतं. मुलींच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवत. गावाला त्या 'टीचरम्मा'. केळीचं पान, घागर, पोपट, असलं काहीबाही मुलींकडून गिरवून घेणारी, खाली मान घालून चालणारी बाई.

गावाला ठाऊक नव्हतं ते असं. दर गुरुवारी सकाळी अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाट मांडून बसत आणि काळ्या शाईनं एक चित्र काढत. ते आमच्या गावातल्या एका तमिळ साप्ताहिकात रविवारी छापून येई, खाली सही 'कोडु'. कोडु म्हणजे तमिळमध्ये रेघ. संपादक अक्कांच्या नवऱ्याचे वर्गमित्र. हे गुपित त्यांना, अक्कांना, माझ्या यजमानांना आणि मला, एवढ्यांनाच माहीत. चित्राचं पाकीट छापखान्यात पोचवायचं काम माझं. भाजीच्या पिशवीत तळाला पाकीट, वर वांगी आणि मुरुंगैच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. मला त्या वयात त्याची फार गंमत वाटे.

त्या वर्षी कावेरीला पाणी उशिरा आलं. त्रिभुज प्रदेशातल्या गावांत रोपं वाफ्यातच पिवळी पडली आणि गावात तांदूळ मिळेना. गिरणीवाल्याची कोठारं मात्र भरलेली होती, हे कोणी मोठ्यानं बोलत नसे. एक दिवस त्यानं उपाशी जनतेसाठी देवळासमोर मांडव घालून एका दिवसाचं उपोषण केलं. त्या आठवड्याचं चित्र मी पाकिटात घालण्याआधी पाहिलं आणि भिंतीला टेकून हसले. मांडवात गिरणीवाला डोळे मिटून बसलेला, आणि त्याचं पोट म्हणजे दाभणानं शिवलेलं तांदळाचं पोतं. एक टाका उसवलेला, त्यातून दोन दाणे सांडताहेत आणि खाली एक चिमणी वाट पाहते आहे. रविवारी सगळं गाव हसलं. सोमवारी शाळेतली पोरं त्याच्या मोटारीमागं 'मूटै, मूटै' म्हणजे 'पोतं, पोतं' ओरडत धावली. हसणं एवढं लांब गेलं, तिथंच आम्ही घाबरायला हवं होतं.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला भांडेबाजारात सेल्वमला मारलं.

सेल्वम पाट्या रंगवणारा. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. शिडीवर उभा राहून एका भांड्यांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. चौघांनी शिडी ओढली. तो खाली पडल्यावर त्याचा उजवा हात दुकानाच्या दगडी पायरीवर धरला आणि वरवंट्यानं बोटं ठेचली. वरवंटा त्याच दुकानातला. मग रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर ओतला. भरदिवसा, भरबाजारात. समोरच्या कॉफी क्लबातल्या लोकांनी कप खाली ठेवले नाहीत. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकानं अभिमानानं सांगितलं, "आम्ही अगदी समोरून पाहिलं!"

बातमी घरी आली तेव्हा अक्का शाळेत होत्या. शेजारीण धापा टाकत म्हणाली, "कोडुला मारलं, कोडुला!" आणि मी शाळेकडे धावायला चपला शोधू लागले. मग तिनं सांगितलं, कोडु म्हणजे तो पाटीवाला सेल्वम. आणि मी... मी सुटकेचा श्वास टाकला. बरं झालं, असं मनात म्हटलं. गिरणीवाल्याची किळस मी आयुष्यभर केली, पण त्या एका श्वासाची किळस तिच्याहून जुनी आहे आणि अजून गेलेली नाही.

अक्का शाळेतून तशाच सरकारी इस्पितळात गेल्या, मी बरोबर. सेल्वमचे केस हिरव्या रंगानं चिकटून बसले होते, बायको रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होती. अक्कांना पाहून तो उठू लागला. गल्लीतली मोठी बाई भेटायला आली, एवढंच त्याला वाटलं. तमिळमध्ये म्हणाला, "टीचरम्मा, ते विचारत होते, 'कोडु तुझं काम का रे?' मी पाटीवरच्या अक्षरांखाली तांबडी रेघ ओढत होतो. मला वाटलं, रेघ वाकडी आली म्हणून दुकानदारानं माणसं पाठवली. मी म्हटलं, हो, माझंच काम." बाहेर व्हरांड्यात आल्यावर अक्कांनी खांब धरला. मग पुन्हा आत गेल्या आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "सेल्वम, कोडु मी आहे." मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं. बायको म्हणाली, "चित्र तुमचं, आणि मार आमचा?"

पुढच्या आठवड्यात संपादक मद्रासच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आमच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, येऊन बसले. फार उत्साहात होते. तंजावरात एका व्यंगचित्रकारावर हल्ला झाला ही बातमी पसरली होती आणि मोठमोठ्या व्यंगचित्रकारांनी निषेधाची चित्रं काढली होती. अक्का एकेक उघडून पाहू लागल्या. मोडलेली लेखणी. लेखणीतून ठिबकणारं रक्त. लाठीसमोर ताठ उभी लेखणी. एका चित्रात लेखणीला पंख होते. एकानं तर स्वतःलाच काढलं होतं, छाती पुढं करून. संपादक म्हणाले, "पाहिलंत? सगळे आपल्या पाठीशी उभे आहेत. तुम्हीही असंच काहीतरी द्या, पहिल्या पानावर घेतो." अक्कांनी गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. "यांत सेल्वम कुठें आहे?" त्यांनी विचारलं. "बोटं माणसाचीं मोडलीं, आणि हे लेखणीचं सुतक धरतात. मज ओकारी येते." संपादकांना मराठी कळत नव्हतं. मी तमिळमध्ये सांगितलं, पण ओकारी गाळली.

त्या दिवशी जेवताना अक्कांनी विचारलं, "पण सेल्वमचं नांव मारणाऱ्यांस कोणी सांगितलं?" माझे यजमान, व्यंकटराव, सरकारी कचेरीत कारकून होते. स्वभावानं गरीब, मुंगीलाही वळसा घालून जाणारे. त्यांनी पानातला भात कालवला, पुन्हा कालवला. मग म्हणाले, "गिरणीवाल्याचे दोघे कॉफी क्लबांत आले. पाकीट आमच्या गल्लींतून जातं एवढं त्यांस कळलं होतं. चित्रं कोण काढतो, विचारले. मी म्हटलं, चित्रं काढणारा आमच्या गल्लींत एकच, सेल्वम... अक्का, ते घरांत शिरले असते. मी तुज वाचवलों."

"मज वाचीव म्हणून मी तुज सांगितलें होतें कीं?"

एवढंच. आवाज चढला नाही. पान तसंच टाकून त्या उठल्या. मी व्यंकटरावांना ताक वाढलं. का वाढलं कोण जाणे. हातांना सवय होती.

गुरुवारी अक्का खिडकीशी बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. चित्रात भांडेबाजार होता. पडलेली शिडी, पायरीवर धरलेला हात, वर उगारलेला वरवंटा. मारणाऱ्यांना चेहरे नव्हते, नुसत्या पाठी. चेहरे होते ते बघणाऱ्यांना. कॉफी क्लबातले कप, भांडीवाल्याचं अर्धं मिटलेलं दार. एका बाजूला छत्री काखेत धरून बोट दाखवणारा कारकून, बंद गळ्याचा कोट घातलेला. ते व्यंकटराव होते, त्यांच्या कपाळावरच्या तिळासकट. त्यांच्यामागं भाजीची पिशवी घेतलेली बाई, पिशवीतून पाकिटाचा कोपरा दिसतो आहे, आणि ती चक्क सुटकेचा श्वास टाकते आहे. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि अगदी पुढं, आपल्याकडे पाठ करून, पाटावर बसलेली एक बाई. तिची रेघ पाटावरून निघून सेल्वमच्या हातापर्यंत गेलेली. खाली सही 'कोडु' नव्हती. तमिळ अक्षरांत पूर्ण नाव, शिक्षिका, आणि गल्लीचं नाव.

"नाव नको," संपादक काकुळतीला आले. "तर छापू नका," अक्का म्हणाल्या. छापलं त्यांनी, ते श्रेय त्यांना द्यायला हवं. पाकीट त्या वेळी मी पिशवीत लपवलं नाही. हातात धरून नेलं.

मग जे झालं ते मारहाणीपेक्षाही ओंगळ होतं. शाळेनं राजीनामा मागितला, मुलींवर परिणाम होतो म्हणून. आणि चौथ्या दिवशी सकाळी गिरणीवाला स्वतः दारात आला. चांदीचं ताट, त्यात नारळ, केळीची फणी, रेशमी लुगडं. गल्ली गोळा झाली. त्यानं वाकून नमस्कार केला. "अम्मा, चूक झाली. तुम्ही बाईमाणूस आहात हे माहीत असतं तर कुणी हात उचलला असता का? तुम्ही मला आईसारख्या." गल्लीतल्या लोकांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. अक्कांनी विचारलं, "चूक कोणती? त्याला मारलं ती, की मला मारायचं राहिलं ती?" तो हसला. कोणत्याही प्रश्नावर हसायची त्याला सवय होती. अक्कांनी ताटाला हात लावला नाही. "हे इस्पितळात न्या," म्हणाल्या. "त्याला केळं सोलता येत नाही. तुम्ही सोलून द्या."

तो अर्थात गेला नाही. अक्कांनी त्या आठवड्यात तेच चित्र काढलं, सेल्वमच्या खाटेशी बसून केळं सोलणारं पोतं. ते संपादकांनी परत पाठवलं. गिरणीवाल्यांनी माफी मागितली आहे, आता ताणू नये, असा निरोप होता. ज्या अंकात हे चित्र यायचं त्या अंकात संपादकांनी स्वतः अग्रलेख लिहिला, मतस्वातंत्र्यावर. फार सुंदर भाषा होती. पोलिसांत तक्रार होती, पण साक्ष द्यायला कुणी पुढं आलं नाही. कॉफी क्लबातल्या सगळ्यांची नेमकी तेव्हाच पाठ होती म्हणे.

अक्कांनी पुन्हा व्यंगचित्र काढलं नाही. लोक म्हणाले, घाबरल्या. शोकसभेत तर एकानं 'त्यांनी लेखणीला विश्रांती दिली' असं म्हटलं. सेल्वमची दोन बोटं कायमची ताठ राहिली, उरलेल्यांत ब्रश ठरेना. अक्का एक दिवस त्याच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. "अक्षरं मी काढते," म्हणाल्या. "तुमची दया नको," सेल्वम म्हणाला. "दया नाही, मला नोकरी नाही," अक्का म्हणाल्या. तो नाहीच म्हणत होता. बायकोनं ब्रश आणून अक्कांच्या हातात दिला. तेव्हापासून चौदा वर्षं एक विधवा बाई लुगडं खोचून भरबाजारात शिडीवर चढत राहिली आणि पाट्या रंगवत राहिली. रंग सेल्वम कालवी, अक्षरं कुठं बसवायची ते तो खालून सांगे, आणि चुकलं तर ओरडेही. आमच्या मराठी माणसांनी त्यांना वाळीत टाकलं. तिरुवैयारुपासून ओरत्तनाडुपर्यंत किती पाट्या त्यांच्या हातच्या आहेत, मोजल्या नाहीत. कुठल्याही पाटीवर सही नाही. सेल्वमनं त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. तो तसं कधी म्हणाला नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. अंत्ययात्रेत तो होता, सगळ्यांत मागं.

व्यंकटराव पाच वर्षांपूर्वी गेले. भावाबहिणीचं बोलणं होतं, पण एका पंगतीला अक्का त्यांच्याबरोबर पुन्हा बसल्या नाहीत. माझ्याबरोबर बसत. त्या श्वासाबद्दल मला कधी काही बोलल्या नाहीत, आणि भांडेबाजाराचं ते चित्र मी जपून ठेवलं आहे.

आमच्या मागच्या विहिरीशी त्यांचा एक फडका टांगलेला असतो. जुन्या लुगड्याचा. कामावरून आल्या की त्या टर्पेंटाइननं हात चोळत आणि त्याला पुसत. खताच्या दुकानाचा हिरवा, दवाखान्याचा तांबडा, सायकलवाल्याचा निळा, सगळे थर त्यावर वाळून तो कातड्यासारखा झाला आहे. त्या वासाचा मला फार तिटकारा. स्वयंपाकघरापर्यंत यायचा, भातालासुद्धा लागायचा, आणि मी चौदा वर्षं नाकाला पदर लावून कुरकुरले. परवा सूनबाई तो फेकायला निघाली. मी तिच्या हातातून घेतला, परत खिळ्याला लावला आणि तशीच येऊन पानावर बसले. पहिला घास तोंडाशी नेला तर बोटांना तोच वास. सून म्हणाली, "अत्या, हात धुवा कीं." मी धुतले नाहीत. जेवले.