रिकामा न गेलेला डबा

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘ते ठीक आहे, पण करता काय?’ माझा नियम साधा. गेम बाजारात येण्याआधी खेळून बघायला कंपनी कोड पाठवते, तेवढा घ्यायचा. बाकी सगळं परत. कोड मात्र कंपनीच्या मर्जीचा. तो बंद झाला की माझं परीक्षण सगळ्यांच्या मागून येणार आणि ते कुत्रंही वाचणार नाही.

गेल्या दिवाळीत एका कंपनीकडून कोडबरोबर महागडा हेडफोन आला, शिवाय पत्र्याच्या देखण्या डब्यात काजूकतली. मी खडकीला घरी पोचेपर्यंत आईने काजूकतली अख्ख्या क्वार्टर्समध्ये वाटूनही टाकली होती.

हेडफोन परत करते म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. “अगं, वस्तू ठेव आणि गेम वाईट असला तर वाईट लिही. त्यांनी काय तुझा हात धरलाय?”

“धरत नाहीत गं. तो आपोआप जड होतो.”

हेडफोनबरोबर तो डबाही परत पाठवायचं ठरलं. पण कुणाचा डबा रिकामा जाऊ देईल तर ती माझी आई कसली! तिने त्यात खारे शंकरपाळे भरले. मी वैतागले, पण पार्सल तसंच गेलं.

त्याच आठवड्यात कंपनीतल्या मुलीचा फोन आला. “सॉरी मॅम, आम्हाला पत्रकारांकडून काही घेता येत नाही. पॉलिसी आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण शंकरपाळे संपलेत.”

ते आईने भरले होते, असं मी तिला सांगितलं आणि फोन ठेवून आईला सगळं सांगितलं.

“म्हणजे द्यायला चालतं, घ्यायला नाही?” ती म्हणाली. “असू दे. आता खाल्ल्या मिठाला त्यांनी जागायचं. तू लिही काय लिहायचं ते.”

गेम भिकार होता. तसंच लिहिलं. त्यानंतर कंपनीकडून चकार शब्द नाही. मी रोज मेल उघडून बघायचे आणि मनातून धास्तावायचे.

संक्रांतीच्या सुमारास कुरिअरने तोच पत्र्याचा डबा आला. आत एक चिठ्ठी, तिच्यावर नव्या गेमचा कोड. खाली लिहिलं होतं, ‘काकूंना सांगा, रिकामा पाठवलेला नाही.’ मला इतकं हलकं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

आईने डबा उपडा करून झटकला. “कागदच की नुसता,” म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “ठेव. हा तुझ्या नियमात बसतो ना?”