दाखला असेल तोच गावचा

खेळात भेदभाव नसतो, असं भाषणात ठोकून देणाऱ्यांची मला चीड येते. मैदानात कोण उतरणार हे मैदानाबाहेर ठरतं. आमच्या गावात ते माझ्या पत्रकाने ठरवलं.

नव्या शहरासाठी आमच्या जमिनी गेल्या आणि तिथल्या फॅक्टऱ्यांतल्या नोकऱ्या मात्र बाहेरच्यांना मिळू लागल्या. मी पत्रक काढलं. त्यातलं एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं: ‘जमीन गेल्याचा दाखला असेल तोच गावचा.’ मला त्या वाक्याचा फार अभिमान होता.

आमच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला माझा दोस्त खेळायचा. कोकणातून आलेलं बौद्ध कुटुंब, आई आणि तो मिठागरावर मजूर. त्यांना जमीनच नव्हती, मग दाखला कुठला? साखळीत माझा डावा हात त्याच्या उजव्या हातात. मिठाने भेगाळलेली बोटं आवळली गेली की मी ओळखायचो, आता झडप घालायची.

जत्रेच्या सामन्यांआधी कप्तानाने नावं वाचली. माझ्या दोस्ताचं नव्हतं.

“हा कुठं?” मी विचारलं.

“दाखला हाय काय त्याचेकडं?”

“कबड्डीला दाखला कशाला?”

“तूच लिवलंस ना? का ते नुसतं वाटायला होतं?”

पोरं हसली. “लीडर, आता दुसरं पत्रक काड.”

फॅक्टरीच्या गेटवर तासभर बोलणारा मी, शर्ट काढून खेळायला तयार झालो. निदान त्याच्यासोबत बाहेर बसायला हवं होतं. नाही बसलो.

तो जवळच उभा होता. घोट्याची पट्टी सोडून माझ्या हातात दिली.

“तुजा घोटा दुखतो ना, बांद. आईने ते पत्रक माज्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. तिला वाटलं, आपलं नाव पण कुठंतरी असंल.”

सामना जिंकलो. नंतर तो मैदानावर फिरकला नाही, आणि मी त्याच्यासाठी कप्तानाला उलट विचारलं म्हणून संघातलं कुणी माझ्याशी खेळाखेरीज बोलेना. मिठागर मजुरांनाही गावचे हक्क द्या, असं मी खरंच दुसरं पत्रक काढलं. वाटायला एकही जण आला नाही. एकट्याने वाटलं.

त्याला द्यायला वाशीच्या मार्केटात गेलो. तो कांद्याच्या गोणी उतरवत होता. न वाचता त्याने कागद खिशात घातला.

“कोपऱ्याला कोन हाय आता?”

“आहे एक. दाखलेवाला.”

“हात धरतो ना नीट?”

“नाही,” मी म्हणालो. तो पुढच्या गोणीखाली वाकला.