जिनिंगमधलं कॉलेज आणि गुरुजींची लायब्ररी

नव्या कॉलेजात किस्से जमवावे लागत नाहीत. सरकीच्या ढिगासारखे ते आपोआप साठतात. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी जळगाव जामोदच्या अलीकडे एका गावात अर्थशास्त्र शिकवायला गेलो. इमारत नव्हती. संस्थेचे अध्यक्ष संपतराव पाटील यांच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं गोदाम, हेच कॉलेज!

*

हंगामात शेजारचा कापूस उडून मुलांच्या डोक्यांवर बसायचा. सोनाळ्याहून एक शेतकरी मुलाला भेटायला आला, तो दारातच हबकला.

"काऊन हो सर, एवढा अवघड अभ्यास हाये काय? पोरगं काळ्या केसाचं धाडलं होतं म्या!"

*

तास संपायचा जिनिंगच्या भोंग्यावर. एकदा माझं व्याख्यान काही केल्या संपेना. शेवटी मागून आवाज आला, "सर, आज जिनिंग बंद हाये. तुमीच थांबा आता!"

*

पाटलांनी इमारतीसाठी स्वतःचं शेत दिलं. उभ्या तुरीतच थाटात कोनशिला बसवली. बांधकाम पीक निघाल्यावर. पीक निघालं तेव्हा दगडाला शेंदूर लागलेला आणि पुढे नारळाच्या करवंट्या! सोंगणीच्या बायांनी शेतात बसवलेला दगड पाहिला आणि हात जोडले, एवढंच.

प्रिन्सिपल कळवळले, "अहो, ही आपली कोनशिला!"

"होती सर. आता देव हाये," पाटील म्हणाले. "तुमी सरका थोडे."

इमारत सरकली.

*

मिस्त्रीने जन्मभर गोदामंच बांधलेली. लायब्ररीला त्याने खिडकीच ठेवली नाही.

"अरे, उजेडाचं काय?"

"मालाले उजेड कायले लागते साहेब?"

*

कॉलेजची मान्यता शेवटी याच लायब्ररीवर अडली. विद्यापीठाच्या समितीला ती पसंत पडली नाही, तर कॉलेज बंद आणि मुलं परत शेतात. मला त्या मुलांची खरंच काळजी वाटायची. ग्रंथपाल म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले वानखडे गुरुजी. पुस्तकं मळू नयेत म्हणून प्रिन्सिपलनी त्यांना बजावलं, "समिती येऊन जाईपर्यंत एकही पुस्तक बाहेर द्यायचं नाही." गुरुजींनी मग खुद्द प्रिन्सिपलनाही दिलं नाही!

समिती आली. समितीचे अध्यक्ष तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी एक पुस्तक उचललं, तर पानं छापखान्यातून आली तशीच, कडेने जोडलेली.

"इथे कोणी वाचतं का?"

प्रिन्सिपलचा चेहरा पडला. पाटील मात्र हात जोडून पुढे झाले. "साहेब, नवं धान्य देवाले दाखवल्याबिगर आमी तोंडात घालत नाही. पयलं पान तुमीच फाडा."

अध्यक्ष चक्क हसले. पानं फाडत दारातल्या उजेडात उभ्या उभ्या वाचत राहिले, इतके रमले की चहा निवला. अहवालावर सही मात्र अजून व्हायची होती. निघताना ते म्हणाले, "हे मी वाचायला नेतो. पोस्टाने परत पाठवीन."

गुरुजींनी अलगद ते पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"समिती जाईस्तोर पुस्तक बाहेर देता येत नाही, साहेब."

"अहो, मीच समिती!"

"हाव ना साहेब. पन तुमी गेले कुठं अजून?"